टेफ्लॉन टेप लावूनही अँगल कॉक गळतोय

सिंहगड रोडला फ्लॅट आहे, गीझरच्या खालचा अर्धा इंची अँगल कॉक (पाणी बंद-चालू करायचा काटकोनी नळ) भिंतीतल्या जॉइंटपाशी थेंब थेंब गळतोय, प्लंबरने टेप लावून बसवला तरी दोन दिवसात परत सुरू. टेप अजून जास्त गुंडाळू का सुतळी-सफेदा (स्क्रूसारख्या आट्यांवर सुतळी गुंडाळून वर पांढरी पेस्ट) करायला सांगू? भिंतीत ओल उतरेल म्हणून खरंच काळजी वाटते.

कोथरूडकर:
आधी टेपची दिशा बघा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळायची, उलटी गुंडाळली की कॉक फिरवताना ती सुटत जाते. पहिला आटा मोकळा ठेवा. आपल्याकडची टेप पातळ असते त्यामुळे आठ-दहा वेढे लागतातच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घट्ट केल्यावर कॉक सरळ दिसावा म्हणून अजिबात मागे फिरवू नका, सील तिथेच तुटतं, मग सगळं काढून, आटे ब्रशने साफ करून नवीन टेपच लावावी लागते.

जुनी पेठ:
सुतळी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला उत्तम, पण भिंतीत सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) असेल तर नको, फुगून प्लास्टिकचा आटा तडकतो. पितळी आट्याचं फिटिंग आहे का विचारा. शिसं असलेला सफेदा तर पिण्याच्या लाइनला नकोच नको.

कोथरूडकर:
हो बरोबर. आणि गीझरच्या कनेक्शन पाइपच्या नटला टेप लावून काही उपयोग नाही, तिथे पाणी रबरी वॉशर अडवतो, तो कडक झाला असेल तर बदला.