पर्मनंट नोकरी सोडून भाऊ पाळक व्हायला निघालाय. मला हे पटत नाही

काळेवाडीकर (धागा यांचा)

सर्वांना सलाम.

माझा धाकटा भाऊ भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सेटर आहे. 14 वर्षं झाली, पर्मनंट आहे. मागच्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला. महिन्याची नोटीस संपली की पूर्णवेळ प्रभूची सेवा करणार, पाळक म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू होणार म्हणतो. पगार ना डायसिसचा (बिशपच्या धर्मप्रांताचा), ना कुठल्या मिशनचा. त्याच्या घरी दर शुक्रवारी प्रार्थनासभा भरते, तीस-पस्तीस माणसं येतात. त्यांचीच मंडळी, म्हणजे चर्च, उभी करायची, हॉल भाड्याने घ्यायचा, असा बेत आहे.

आधीच सांगतो, आम्ही मूळचे राहुरीकडचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग गात मोठे झालो. सेवेला जाणाऱ्याला आमच्या घरात मान असतो. भावाचा संदेशही मी ऐकलाय. तो बोलायला लागला की पोरंसुद्धा चुळबुळ थांबवतात. पण त्याला दोन मुलं आहेत, मोठी सातवीत. घर भाड्याचं. म्हणून मी एका रात्री बसून हिशेब मांडला. बेसिक आणि डीए मिळून 15,000. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. 14 वर्षांचे होतात साधारण 1 लाख 21 हजार. पेन्शन 15,000 गुणिले 14 भागिले 70, म्हणजे महिना 3,000. तीही वयाची 58 पूर्ण झाल्यावर, आणि तो आज 37 चा आहे. पन्नाशीनंतर लवकर घ्यायची म्हटली तर दर वर्षामागे 4 टक्के कमी. ईएसआयचं (कामगार विम्याच्या दवाखान्याचं) कार्ड काही महिन्यांत बंद पडणार, आणि धाकट्याला दमा आहे. उरला पीएफ.

हा कागद त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "पेत्राने जाळी टाकून दिली तेव्हा हिशेब केला होता का?" पेत्र म्हणजे मासे धरणं सोडून येशूमागे गेलेला त्याचा शिष्य. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. बायबलात लूक 14:28 मध्ये प्रभूच सांगतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या. आणि 1 तीमथ्य 5:8 मध्ये प्रेषित पौल घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे, त्याने राजीनामा मागे घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?

पाळकाची लेक

दादा, लूक 14 तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. 28 व्या वचनात खर्चाचा अंदाज घ्यायला सांगितलंय, आणि तो खर्च किती ते 33 व्या वचनात आहे. जे काही आहे त्या सगळ्याचा त्याग.

माझ्या वडिलांनी 1994 साली पिंपरीतल्या एका कारखान्यातली नोकरी सोडली. मी तेव्हा चौथीत होते. हाल झाले, ते मी झाकत नाही. फी राहिली म्हणून वर्गाबाहेर उभी राहिलेय. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पण आलेल्या पिकांच्या लिलावात कोणी न घेतलेला भोपळा आमच्याकडे यायचा आणि मग चार दिवस घरात भोपळाच. तरी मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे, आणि का ते सांगते.

ससून हॉस्पिटलमध्ये कोणाचं माणूस रात्री वारलं की निरोप आमच्याकडे यायचा. पोस्टमार्टम होईपर्यंत बाबा त्या घरच्यांबरोबर बाकड्यावर बसून असायचे. मग गाडी बघायची, पेटी बघायची, कबर खणणाऱ्याला गाठायचं. पैसे कमी पडले तर हात पसरायचे तेही त्यांनीच. सेकंड शिफ्टला मशीनवर उभा असलेला माणूस हे कसं करणार? एका माणसाची दारू सोडवायला बाबा आठ महिने रोज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसत. पगाराच्या दिवशी तर त्याच्या गेटवरच उभे राहत, म्हणजे तो गुत्त्याकडे वळायच्या आत सापडावा. तो माणूस आज मंडळीत पेटी वाजवतो. शुक्रवारच्या दोन तासांत हे झालं नसतं. तुमच्या भावाला ते कळलंय म्हणूनच तो निघालाय.

पौलाचं म्हणाल तर 1 करिंथ 9:14 वाचा. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं, असा प्रभूचा नियम आहे.

निवृत्त फोरमन

धर्मातलं मला कळत नाही, कारखान्यातलं कळतं. सेटर सहजासहजी तयार होत नाही, पण रिकामी झालेली पर्मनंटची जागा आजकाल पर्मनंटने भरतही नाहीत. 37 व्या वर्षी सोडून 40 ला परत यायची वेळ आली तर ठेकेदाराकडे 12 तास उभं राहावं लागेल, तेही कालच्या पोराच्या हाताखाली. डोळ्यांनी पाहिलंय. राजीनामा मंजूर व्हायच्या आत मॅनेजरला भेटा आणि सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागा. फार तर नाही म्हणतील.

तंबूवाला

मी बसवर कंडक्टर आहे आणि 11 वर्षं सुवार्तिक, म्हणजे प्रभूची शिकवण सांगणाराही आहे. दोन्ही एकदम.

पाळकाची लेक ताई, तुम्हीही 1 करिंथ 9 अर्ध्यावर सोडलंत. 14 व्या वचनात पौल हक्क सांगतो आणि पुढच्याच वचनात म्हणतो की मी तो वापरला नाही. प्रेषितांची कृत्ये 18:3 मध्ये तो करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवतोय. मोठमोठी पत्रं लिहिणारा हा माणूस सुई-दोऱ्याने पोट भरत होता. आणि कोळ्यांचं म्हणाल तर मार्क 1:20 नीट बघा. याकोब आणि योहान निघाले तेव्हा त्यांचा बाप जब्दी मचव्यात एकटा नव्हता, मजूर होते बरोबर. म्हातारा उघड्यावर पडला नाही.

नोकरी ठेवण्याचा एक फायदा कोणी बोलत नाही. आमच्या मंडळीत एक बांधकामवाले गृहस्थ आहेत. त्यांनी मजुरांची मजुरी थकवली होती. मी त्यांच्या घरी जाऊन तोंडावर सांगितलं की हे पाप आहे. ते तीन महिने आले नाहीत, त्यांचं अर्पणही आलं नाही. माझ्या घरची चूल त्या अर्पणावर असती तर मी तेव्हा बोललो असतो का? स्वतःला विचारलं तर छातीठोक हो म्हणवत नाही.

पेठेतला शेजारी

मी ख्रिस्ती नाही. पंचहौद मिशनच्या घंटा ऐकत गुरुवार पेठेत वाढलो, त्यामुळे वैरभावही नाही. तरी एक काळजी मांडतो. घरगुती सभा भरवणाऱ्या एका प्रचारकाने आमच्या वाड्यातल्या बाईंना सांगितलं की गोळ्या खाणं म्हणजे विश्वास कमी पडणं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या आणि पायाचं बोट गेलं. असा माणूस कोणाला बांधील असतो? शिवाय अडचणीतल्या माणसाला आधार देता देता धर्म बदलायला लावणं, हीही भीती लोकांना वाटते, आणि ती सगळीच खोटी आहे असं म्हणून चालणार नाही.

मूळ मुद्द्याबद्दल. आपल्याकडे सावता महाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडलं नाही. तुकोबांनी मात्र सावकारी सोडली. पण कशी, ते बघा. देहूची कथा अशी की कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांच्या हातात दिला, आणि आपला तेवढा इंद्रायणीत बुडवला. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. तुमच्या भावाने बुडवायला घेतलेल्या कागदात बायको-मुलांचा वाटा कुठला, तो आधी बाजूला काढून द्यायला सांगा.

पाळकाची लेक

शेजारी काका, गोळ्या सोडायला सांगणारा माझ्या लेखी पाळक नाहीच. माझे वडील स्वतः बीपीची गोळी घेऊन प्रार्थनेला उभे राहायचे. धर्मांतराबद्दल: घटनेच्या कलम 25 ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच सांगितलंय की प्रसार म्हणजे आपली शिकवण मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आमिष दाखवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण हॉस्पिटलात कोणाला डबा नेऊन दिला तरी लोक आमिष म्हणतात, त्याने आम्हाला किती लागतं हेही समजून घ्या.

तुकोबांची कथा मला आवडली, कारण टिळकांनाही तुकोबा फार जवळचे होते. त्याच टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. तेव्हाही शहाणी माणसं हिशेबच मांडत असतील. आज आपण अभंग कोणाचे गातो?

शिलाई मशीन

टिळकांचं नाव निघालं म्हणून लिहिते. एरवी मी फक्त वाचते.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं त्या बाईने लेकराला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने कशी काढली, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या थोर म्हणून त्यातून मोठ्या झाल्या. सगळ्या बायकांना तसं जमेल असं धरून कोणी निघू नये.

माझे मिस्टर नऊ वर्षांपूर्वी गोडाऊनमधली सुपरवायझरची नोकरी सोडून सेवेत आले. ते खरे माणूस आहेत. लोकांच्या पैशाला हात लावत नाहीत, आजारी माणसाला टाकून जेवायला बसत नाहीत. मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरलेय आणि मला त्याचा आनंद आहे. पण साक्ष देताना ते म्हणतात की प्रभूने आम्हाला एक दिवस उपाशी ठेवलं नाही, आणि सगळे आमेन म्हणतात. त्या वेळी मला रात्री साडेबाराला केलेलं फॉल-पिको आठवतं. लग्नसराईत ब्लाउजांच्या थप्प्या, मणक्याचं दुखणं. प्रभूने पुरवलं हे मीही मानते. पण साक्षीत माझ्या मशीनचं नाव एकदाही आलेलं नाही. पाळकीण म्हणून हळदी रंगाची साडीसुद्धा जपून नेसावी लागते, कोण काय बोलेल म्हणून. आणि जेवायला कधी किती माणसं येतील त्याचा नेम नाही.

नोकरी सोडायच्या आदल्या रात्री त्यांनी मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. राग आहे तो एवढाच आहे, नऊ वर्षांत गेलेला नाही.

काळेवाडीकर दादा, तुम्ही पीएफ लिहिलात, पेन्शन लिहिलीत, पेत्र-पौल सगळे आले. शेजारी काकांनीही वाटा काढून द्यायला सांगितला, तो भावाला. तुमची भावजय काय म्हणते ते कुठेच आलेलं नाही. तिला कोणी विचारलंय का?

बिबवेवाडी

युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकतोय. आमची सेमिनरी 1983 साली यवतमाळहून बिबवेवाडीला आली, तेव्हापासून पुण्यात शिकायची सोय आहे, बाहेरगावी जायचीही गरज नाही. संदेश चांगला देणं वेगळं आणि मंडळी सांभाळणं वेगळं. नवरा-बायकोचं भांडण, मुलाची आत्महत्या, जमिनीचा वाद घेऊन माणसं पाळकाकडे येतात तेव्हा नुसता उत्साह पुरत नाही. दुसरं, अर्पणाची पेटी कोण उघडणार, दोन साक्षीदारांसमोर मोजणार का, वही कोण तपासणार, हे हॉल घ्यायच्या आधी ठरलं पाहिजे. स्वतंत्र मंडळ्या बहुतेक इथेच फुटतात. पेठेतल्या काकांच्या 'कोणाला बांधील' या प्रश्नालाही यातच उत्तर आहे. पाळकाला चूक सांगणारं कोणीतरी वर असलंच पाहिजे.

तंबूवाला

शिलाई मशीन ताईंना मनापासून सलाम. माझी बायको शेजारी बसून वाचतेय. ती म्हणाली, नोकरी न सोडणाऱ्यांच्या बायकांचंही लिहा. ड्यूटी आणि सेवा दोन्ही करणारा नवरा घरी फक्त झोपायला येतो. ते खरं आहे. मला याआधी कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

काळेवाडीकर

शिलाई मशीन ताई, नाही विचारलं. दोन दिवस हे वाचून मला झोप आली नाही. काल भाऊ पहिल्या पाळीला असताना मुद्दाम गेलो.

भावजय पोळ्या लाटत होती. मी कागद काढायला लागलो तर म्हणाली, "दादा, तो कागद यांनी मला दाखवलाय." नोकरी सोडायचं तिला दिवाळीपासून माहीत आहे. तिची ना नाही. शुक्रवारच्या सभेला येणाऱ्यांपैकी निम्म्या बायका तिच्यामुळे येतात, हे मला ठाऊकच नव्हतं. घरोघर ती जाते. मी इतके दिवस तिला बिचारी समजत होतो.

मग तिने एकच गोष्ट सांगितली. ग्रॅच्युइटीचे पैसे हॉलच्या डिपॉझिटला द्यायचं भावाने ठरवलंय आणि त्याला ती तयार नाही. ते पैसे मुलांच्या नावाने ठेवायचे, हॉल नाही मिळाला तर घरातच बसायचं, माणसं वाढली तर दोन वेळा सभा घ्यायची. भावाला हे बोलली तर तो म्हणाला, प्रभूच्या कामात मागे-पुढे बघू नये. त्यावरून तीन दिवस अबोला आहे.

पाळकाची लेक ताई, माझं मत पूर्ण बदललेलं नाही. राजीनामा मागे घ्यावा असं मला आजही वाटतं, आणि फोरमन साहेबांनी सांगितल्याप्रमाणे रजेचं बोलायला त्याला उद्या मॅनेजरकडे पाठवतोय. पण तो ऐकला नाही तर डिपॉझिटच्या बाबतीत मी भावजयीच्या बाजूने उभा राहणार, हे मी तिला सांगून आलोय. पोळ्या झाल्यावर तिने मलाच दम्याचा पंप आणायला पाठवलं, धाकट्याचा संपला होता. नोटिशीचे 19 दिवस उरलेत.

पाळकाची लेक

भावजयीच्या बाजूने नक्की उभे राहा. पण दादा, राजीनाम्याला तिची ना नाही म्हणता, मग त्यावर तुम्ही अजून कोणाच्या वतीने भांडताय?