ऑपरेशनचा पडदा सर्जनच्या मोबाइलवर यावा का?

ओटी_इंजिनिअर, इंदूर: गुडघा बदलताना आता संगणक वाट दाखवतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर ट्रॅकर बसवतात, इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो आणि काप किती अंशांत घ्यायचा ते पडद्यावर येतं. हा पडदा सर्जनला घरबसल्या मोबाइलवर दिसावा, तिथून आखणीही बदलता यावी, अशी मागणी आता होतेय. मी या यंत्रांची देखभाल करतो. माझं स्पष्ट मत : पाहू द्या, बदलू देऊ नका. कोपर लागून ट्रॅकर जरासा सरकला तर पडद्यावर चुकीचे आकडेही तेवढ्याच ठामपणे येतात. तो धक्का टेबलाशी उभ्या माणसाला कळतो, मोबाइलवाल्याला कळत नाही.

बडवानीकर: दादा, आमच्याहून इंदूर दीडशे किलोमीटर. आईला दर वेळी गाडी करून आणतो. ७ सप्टेंबर २००१ला फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून, रोबोटच्या हातांनी, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बाईंचं पित्ताशय काढलं. जुलै २०२५मध्ये त्याच स्ट्रासबर्गहून आपल्या इंदुरात रोबोटनं शस्त्रक्रिया झाली. सातासमुद्रापलीकडून जमतं, मग इंदूरहून बडवानीला का नको?

ओटी_इंजिनिअर: कारण २००१मध्ये राखीव फायबर लाइन होती. हात हलल्यापासून चित्र दिसेपर्यंत सुमारे १५५ मिलीसेकंद, आणि मुख्य म्हणजे हा विलंब स्थिर होता. ठरलेल्या विलंबाशी हात जुळवून घेतो. मोबाइल डेटाचा विलंब क्षणाक्षणाला बदलतो, त्याच्याशी कसं जुळवणार? शिवाय तेव्हा रुग्णाजवळही सर्जन तयार होते.

सिस्टर_रामबाग: मला तारेपेक्षा माणसांची काळजी वाटते. सर फोनवरून 'पुढे जा' म्हणाले की समोरचा ज्युनिअर स्वतःची शंका गिळतो. उद्या बिघडलं तर सही कोणाची? आणि पासवर्ड? नोव्हेंबर २०२२मध्ये रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणीसाठी डेटा अडकवणाऱ्या व्हायरसनं, दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले, कामं कागदावर करावी लागली. तेव्हा नोंदी अडकल्या होत्या, इथे टेबलावर माणूस असेल.

बडवानीकर: ताई, म्हणून एम्सनं संगणक सोडले का? कुलूप मजबूत करा, दार कशाला विटांनी बुजवता? निदान चूक दिसली तर यंत्र थांबवायचा हक्क तरी लांबच्या तज्ज्ञाला द्या.

ओटी_इंजिनिअर: तोही थेट नको. अर्ध्या कापात करवत थांबवायची की नाही, हे जखम समोर असलेल्यानंच ठरवावं. लांबून इशारा यावा, पडद्यावर लाल दिसावा, बटण मात्र टेबलाशीच. तुमच्या आईसाठी आज होण्यासारखं वेगळं आहे : सीटी बडवानीत काढा, आखणी इथल्या सर्जननं आधीच करावी, मोबाइलवर बघून केली तरी माझी हरकत नाही. तेव्हा घाई नसते, पुन्हा तपासता येतं. एक-दोन खेपा तरी नक्की वाचतील.

बडवानीकर: खेपा वाचतील, मान्य. पण ऑपरेशनला इंदूरच गाठायचं ना? हट्ट मी सोडणार नाही. राखीव लाइन आणि तयार सर्जन, दोन्ही जिल्हा रुग्णालयात आणा. मग मोबाइल मागणार नाही, कन्सोल, म्हणजे रोबोट लांबून चालवायची सर्जनची बैठक, मागेन.

सिस्टर_रामबाग: या मागणीवर माझी सही आत्ताच घ्या. फक्त त्या सर्जनसोबत ऑपरेशन थिएटरचं काम शिकलेली एक नर्सही मागा.