पालिकेच्या चाळीचा पुनर्विकास: संमतीपत्रावर सही मागतायत, भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर. मदत हवी आहे

चिवडागल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

आमची खोली लालबागला, महापालिकेच्या मालकीच्या चाळीत. दुसरा मजला, १८० चौ. फूट, वर पोटमाळा, संडास गॅलरीच्या टोकाला. बाबा २०१४ मध्ये गेले. पावती आईच्या नावावर करायचं दरवर्षी गणपतीनंतर ठरायचं आणि राहून जायचं. भाडं मी भरते, पावती बाबांच्याच नावाने फाटते.

आता नियोजित सोसायटीची कमिटी म्हणते, प्रस्ताव पालिकेच्या सुधार समितीपुढे जाणार आहे, रविवारपर्यंत सही द्या. परवा दोघं जण गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या, शाईचा पॅड उघडा. मी पानं चाळली तर क्षेत्रफळाचा रकाना कोरा! विचारलं तर म्हणे, "ते नंतर भरतो ताई, सगळ्यांचं सारखंच आहे."

तोंडी सांगतायत ते असं: ४०५ फूट कार्पेट, २२ मजली इमारत, बांधकाम होईपर्यंत बिल्डरकडून महिना २२ हजार भाडं, कॉर्पस (एकरकमी निधी) ३ लाख. शिवाय आमच्याच इमारतीत खालचे काही मजले पालिकेला, प्रकल्पबाधितांच्या घरांसाठी. त्यावरून चाळीत दोन तट पडलेत. कोणी म्हणतं ७९अ लागू आहे, कोणी म्हणतं बीडीडी चाळींसारखे ५०० फूट मागा. आईचं एकच: "पाणी वरपर्यंत चढेल का तेवढं विचार."

सही द्यावी का? आणि बाबांच्या नावाचं काय?

नायगावकर

बीडीडीशी तुलना सोडा, कमिटीवाले तुम्हाला तिथेच अडकवतील. बीडीडीच्या जमिनी राज्य सरकारच्या, काम म्हाडाकडे आणि विकास नियंत्रण नियमावलीतला नियम स्वतंत्र, ३३(९)(बी). म्हणून १६० फुटांच्या खोलीला ५०० फूट. वरळीच्या पहिल्या ५५६ जणांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. तुमची चाळ ३३(७) मध्ये येते. तिथे निवासी भाडेकरूला किमान ३०० चौ. फूट कार्पेट. त्यावर ३५ टक्के फंजिबल (नियमाने मिळणारं जादा क्षेत्र) धरलं की बरोबर ४०५ होतात. म्हणजे ४०५ चा आकडा उगाच आलेला नाही, पण तो कागदावर नसेल तर हवेतच राहतो.

खडूस_पेन्शनर

आयुष्य पालिकेच्या फायली हलवण्यात गेलं, म्हणून सांगतो.

आधी ७९अ चा घोळ. ७९अ दोन आहेत. एक सहकार कायद्यातलं, ते नोंदणीकृत सोसायटीच्या पुनर्विकासाचं. ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय सगळे फॉरवर्ड करतात तो त्याखालचा. दुसरं म्हाडा कायद्यातलं, ते उपकरप्राप्त (म्हाडाच्या दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) धोकादायक इमारतींचं. तुमची सोसायटी अजून नियोजित आणि घरमालक खुद्द पालिका, तिच्या इमारतींना उपकर नाही. दोन्ही तुमच्या दारात येत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. संमतीपेक्षा परिशिष्ट-२ कडे लक्ष द्या. पालिकेचं मालमत्ता खातं ही यादी करतं: भाडेकरू कोण, वापर निवासी की अनिवासी, क्षेत्र किती, पात्र की अपात्र. घर मिळतं ते या यादीवरून. तुमच्या खोलीपुढे मयत माणसाचं नाव असेल तर प्रकरण लोंबकळत राहणार. उद्याच वारस हस्तांतरणाचा अर्ज टाका: मृत्यूदाखला, जुन्या पावत्या, आईचं रेशनकार्ड, बाकी सगळ्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र. पोच घ्या, आवक क्रमांकासकट. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

तुमच्या एका सहीवाचून काही अडत नाही. पूर्वी ७० टक्के संमती लागायची, आता ५१ वर भागतं. पण म्हणणं मांडायला जागा आहे. पालिकेवर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होता. आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक आहेत, समित्या आहेत. प्रस्ताव समितीपुढे यायच्या आत तुमच्या नगरसेवकाला लेखी निवेदन द्या. आमच्या वेळी लोक सभा झाल्यावर यायचे.

चिवडागल्ली

काका, मनापासून आभार. भाऊ नालासोपाऱ्याला असतो, तो सही देईल. बहिणीशी बोलते.

तिसरामाळा

ताई, पैशाचा हिशेब कोणी केला नाही म्हणून मी करतो. २२ मजले म्हणजे लिफ्ट, पंप, अग्निशमन. महिन्याला ५ हजार मेंटेनन्स धरा, वर्षाचे ६० हजार. ते नुसत्या व्याजातून सुटायचे तर ६ टक्क्यांनी १० लाख ठेवावे लागतात. तुमच्या ३ लाखांचे महिन्याला दीड हजार येतील. आज पालिकेला जे भाडं देताय त्याच्याशी ताडून बघा. चाळीतली माणसं नव्या घरातून बाहेर पडतात ती इथेच.

दुसरं, ४०५ मध्ये बाल्कनी धरलीय का ते विचारा. रेरातल्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही. आणि रेरा म्हटलं की निश्चिंत होऊ नका, ती नोंदणी विक्रीच्या इमारतीची असते, पुनर्वसनाच्या घरांची नव्हे. आमच्या बिल्डरने अकरा महिने भाडं दिलं आणि फोन उचलायचा बंद झाला. भाड्यापोटी बँक गॅरंटी मागा.

परळची_सून

प्रकल्पबाधितांची घरं नकोत म्हणून आमच्याकडेही आरडाओरडा झाला होता. मला तो पटला नाही. रस्ता रुंदीकरणात ज्याचं घर गेलं त्याला माहुलच्या रिफायनऱ्यांशेजारी धाडायचं, आणि लालबागमध्ये चार मजले दिले तर आपल्याला पोटशूळ? विचारायचं ते दुसरंच: त्या घरांचा मेंटेनन्स कोण भरणार, पालिका की राहणारे? ते करारात नसेल तर थकबाकी तुमच्या सोसायटीच्या डोक्यावर.

चिवडागल्ली

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कमिटीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाकलं: रकाना भरा, कराराचा मसुदा द्या, मग सही. उत्तर आलं नाही, निळ्या टिक्का मात्र आल्या.

काका, एक शेवटचं. आज पावत्यांचा डबा उघडला. पावतीवर आमच्या आडनावाची वेलांटी दुसरी आणि मृत्यूदाखल्यावर पहिली. अडेल का?

खडूस_पेन्शनर

अडवायचं ठरवलं तर अडेल. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं आईचं प्रतिज्ञापत्र करून अर्जासोबतच लावा. आणि मूळ पावत्या देऊ नका कोणाला, झेरॉक्स द्या.