घरच्या कागदपत्रांसाठी फुकटचा ईमेल: जीमेलच, की दुसरं काही?

आडवाट

बँक, पीएफ, आयकर, डिजिलॉकर, मुलांची सीईटी... सगळीकडे घरातला एकच ईमेल पत्ता दिलेला असतो आणि तो बहुतेकदा जीमेलचा असतो. माझं स्पष्ट मत आहे की असल्या कामांचा पत्ता तिथे ठेवू नये. गोपनीयतेचा मुद्दा मी काढत नाही; जाहिरातींसाठी मेल चाळणं थांबवणार हे गूगलने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. मुद्दा जागेचा आहे. ती १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची मिळून आहे. जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात, २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही. गणपतीचे व्हिडिओ साठत जातात, जागा भरते आणि मग नवीन मेल येणंच बंद होतं. इशारे येतात, पण फोनवरच्या ढीगभर सूचनांमध्ये आईवडील ते वाचत नाहीत.

म्हणून झोहोचं मोफत खातं वेगळं उघडा. ५ जीबी, जाहिराती नाहीत, कंपनी चेन्नईची. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे मेलही तिच्याच यंत्रणेवर गेलेत.

खाडीपलीकडे

साफ असहमत. जागा भरली तर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप काढून टाका, पत्ता कशाला बदलायचा? पीएफ, पॅन, प्रत्येक बँक अशा सगळ्या ठिकाणी नवा पत्ता लावत बसायचं आणि एखादी जागा राहून गेली की तिथला ओटीपी जुन्याच पत्त्यावर जाणार.

आणि झोहोच्या मोफत योजनेत आयमॅप नाही. म्हणजे फोनमधल्या नेहमीच्या मेल अ‍ॅपमध्ये ते खातं जोडता येत नाही, त्यांचंच अ‍ॅप घ्यावं लागतं. जे अ‍ॅप रोज उघडलं जात नाही, त्यात सीईटीची सूचना आली काय आणि न आली काय, सारखंच. जीमेल अँड्रॉइड फोनवर आधीपासून चालू असतं. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकतंय, पण रोजच्या फोनवरच्या खात्याला तो धोकाही नाही.

नीलमोहर

दोघेही प्रोटॉन विसरलात. स्वित्झर्लंडची सेवा, २०१४ पासून आहे. साठवलेला मेल कंपनीलाही वाचता येत नाही. माझ्यासाठी विश्वासार्ह म्हणजे हेच. याहूमधून २०१३ साली तीनशे कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली आणि तो पूर्ण आकडा लोकांसमोर यायला २०१७ उजाडलं. कंपनी मोठी म्हणून भरवसा ठेवायचा, हे मला पटत नाही.

खाडीपलीकडे

@नीलमोहर, पत्रकाराने जरूर वापरावं. पण आईच्या पेन्शनच्या कागदांसाठी? प्रोटॉनचा पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरीचे शब्द लिहून ठेवलेले नसले, तर खातं परत मिळतं पण जुने मेल उघडत नाहीत. कंपनीला वाचता येत नाही याचा अर्थच तो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्राला ही सेवा भारतात बंद करण्याची कार्यवाही करायला सांगितलं होतं. ज्या सेवेवर अशी टांगती तलवार येऊ शकते, तिथे मी बँकेचा पत्ता देणार नाही.

आडवाट

@खाडीपलीकडे, रोज उघडलं जात नाही हा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे ते खातं घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवायचं. पण सगळं एकाच गूगल खात्यात ठेवण्याचा धोका तुम्ही फार हलका धरताय. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वडिलांची बातमी दिली होती. आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांसाठी काढलेला, तो यंत्रणेला आक्षेपार्ह वाटला आणि खातं बंद. पोलिसांना त्यात गुन्हा दिसला नाही, तरी गूगलने खातं परत दिलं नाही. मेल, फोटो, मोबाइल नंबरसुद्धा त्यांच्याच सेवेचा, सगळं एकदम गेलं.

निवृत्त_नागपूरकर

मी बँकेत होतो, तिथे पाहिलेलं सांगतो. कंपनीच्या चुकीने मेल गेलेला ग्राहक मला क्वचितच भेटला. फॉर्म भरताना सेवा केंद्रातल्या मुलाने खातं उघडून दिलं, रिकव्हरीला स्वतःचा मोबाइल नंबर टाकला आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहिला, असे मात्र पुष्कळ. दुसरा प्रकार बंद पडलेल्या सिमचा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. तुमच्या खात्याला तोच नंबर जोडलेला असला, तर खात्याची चावी अनोळखी माणसाच्या हातात जाते.

तेव्हा जीमेल की झोहो हे नंतर बघा. आधी घरातल्या प्रत्येकाचं खातं उघडून रिकव्हरी नंबर कोणाचा आहे ते तपासा. गूगल दहा बॅकअप कोड देतं (फोन हाताशी नसला तर खातं उघडायला), ते कागदावर लिहून पासबुकाच्या पिशवीत ठेवा. माझ्या मते या दोन गोष्टींनी निम्म्याहून जास्त धोका टळतो.

नीलमोहर

काका, हे अगदी मान्य. पण सेवाच बंद पडली तर कोडांचं काय करायचं? इंडियाटाइम्सची मेल सेवा २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा लोकांचे पत्तेच गेले. मग स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ च्या पुढचा भाग आपल्याच नावाचा, घेतलेलं बरं ना? कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो.

निवृत्त_नागपूरकर

घ्या, पण दरवर्षी पैसे कोण भरणार ते आधी ठरवा. घरातला जो माणूस हे सांभाळतो तो आजारी पडला किंवा गेला, नूतनीकरण राहिलं, तर डोमेन मोकळं होऊन दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. मग बँकेचे मेल त्याच्याकडे जातात. मोफत खात्यात निदान हा प्रकार नाही. सत्तरीतल्या माणसाला मी डोमेन सुचवणार नाही.

आडवाट

काकांनी सांगितलं ते मी घरच्या सगळ्या खात्यांवर करतो आहे. माझं मत तरी तेच आहे: फोटोंचं खातं आणि बँकेचं खातं एक नको. दुसरं खातंही जीमेलचंच काढलं तरी माझी हरकत नाही, फक्त त्याला फोटो आणि बॅकअप जोडू नका.

खाडीपलीकडे

दुसरं जीमेल, त्याच फोनवर चालू ठेवून? त्याला माझा विरोध नाही. झोहोला मात्र अजूनही आहे.