मदत हवी आहे: घरी गाडी धुतल्यावर पांढरे डाग न पडता वाळवायची कशी?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो, सोसायटीत पाणी थोडं बोअरचं, बाकी टँकरचं. गाडी गडद निळी आणि पार्किंग उघड्यावर. आधी सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा यायचा, पण त्याची बादली एक, फडकं एक आणि गाड्या अख्ख्या विंगच्या, म्हणजे आमच्या गाडीपर्यंत त्या बादलीत पाण्यापेक्षा मातीच जास्त. उन्हात बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखडे दिसायला लागले तेव्हा ते बंद केलं आणि आता रविवारी घरीच धुतो.

धुण्याचं काही अडत नाही हो, शांपू आहे, दोन बादल्या आहेत, माझा मुलगा चाकं घासायला एका पायावर तयार असतो. घोळ सगळा पुसताना होतो. टप पुसून होईपर्यंत बॉनेट आपोआप वाळलेलं असतं आणि त्यावर पांढरे ठिपके. आणि सगळं नीट पुसून झालं, समाधानाने दोन पावलं मागे जाऊन बघितलं, की आरशाच्या खालून एक ओघळ येतो, मग डिकीच्या दिव्याखालून एक, आणि गाडी गेटबाहेर काढेस्तोवर त्यावर धूळ बसून दारावर मस्त चॉकलेटी रेघ.

घरात सल्ल्यांना तोटा नाही. सासरे म्हणतात जुनं धोतर फाडून घ्या, त्याच्यासारखं फडकं नाही. नवऱ्याला ब्लोअर घ्यायचाय (त्याला काय, निमित्तच हवं असतं). शेजारच्यांनी ते ट्यूबमधून मिळतं तसलं पिवळं रबरासारखं फडकं दिलंय, ते पाणी भरपूर ओढतं पण पत्र्यावर अडकत अडकत जातं, मला भीती वाटते. आणि सासूबाई आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत भरून ठेवतात, ते शेवटच्या धुण्याला वापरलं तर चालेल का? नेमकं घेऊ काय आणि करू काय ते सांगा. डिटेलिंगवाल्याकडे द्या असं कृपया नको, एका ठिकाणी कोटिंगचा आकडा ऐकून आम्ही नुसता चहा पिऊन परत आलोय.

प्रतिसाद १

ताई, फडक्याचं नंतर बघू, आधी पाण्याचं बघा. ते ठिपके म्हणजे मळ नाहीये, पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. थेंबातलं पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात, तुमच्या नळाच्या तोटीवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर जो पांढरा थर बसतो तोच हा. त्यामुळे थेंब पत्र्यावर वाळूच द्यायचा नाही, एवढंच खरं काम आहे, फडकं कुठलंही असो.

आणि आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला अजिबात नको!! पाण्यातले क्षार वेगळे काढून त्याच पाण्यातून तर ते मशीन बाहेर टाकतं, म्हणजे तुमच्या बोअरच्या पाण्यापेक्षा ते जास्त जड. फरशी, संडास, चाकांवरचा चिखल यासाठी वापरा खुशाल. टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवतो) मिळाला तर दोन्ही पाण्यात बुडवून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा निळ्या गाडीवर डाग पाडू शकतं.

याच्या उलट एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी साठवा. ते हवेतली वाफ गार होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. घरात एसी असेल तर उन्हाळ्यात रात्रभरात बादलीत बऱ्यापैकी जमतं, ते पातळ कापडातून गाळायचं आणि शेवटी वरून खाली हळूहळू ओतायचं. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीचं पाणी, पहिल्या दोनचार सरी सोडून.

प्रतिसाद २

आम्ही कोथरूडला, खडकवासल्याचं पाणी, आमच्याकडे असले डाग पडत नाहीत.

प्रतिसाद ३

वरचे काका, अभिनंदन. आता उंड्रीपर्यंत पाइप टाकता का तेवढा?

ताई, मी दर आठवड्याला काळी गाडी धुतो म्हणून सांगतो. शेवटचं पाणी मारताना पाइपचं नोझल काढून टाका, धार मंद ठेवा आणि पाइप पत्र्याच्या जवळ धरून टपापासून खाली न्या. फवारा मारला की हजार थेंब बसतात, सलग धारेने पाणी चादरीसारखं घसरून जातं आणि पुसायला फारसं उरतच नाही.

फडकं मायक्रोफायबरचंच घ्या, पण ते पातळ छोटे रुमाल नव्हेत, जाड ट्विस्टेड लूपवाला (पीळ दिलेल्या धाग्यांचा) मोठा टॉवेल, ८०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) पुढचा. घासायचं नाहीच मुळी. टॉवेल टपावर पसरायचा, हाताने हलकं थोपटायचं आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढून घ्यायचा. कडेला शिवलेलं कंपनीचं लेबल आधी कापा, तेसुद्धा ओरखडे पाडतं. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाद, पुन्हा झटकून वापरू नका. धोतर मऊ असतं हे मान्य, पण सुती कापडात माती वरच्या वर राहते आणि पत्र्यावर फिरते, सासऱ्यांना काचा आतून पुसायला द्या, त्यांचाही मान राहील. पिवळं फडकं ओलं करून पिळून काचांवर वापरा, पत्र्यावर नको, तुम्हाला जी भीती वाटली ती बरोबर आहे.

ब्लोअर घ्यायला हरकत नाही, अख्खी गाडी त्याने वाळवत बसू नका मात्र. आरसे, दारांचे हँडल, पेट्रोलचं झाकण, नंबरप्लेट, मागचे दिवे, चाकांचे नटबोल्ट, एवढ्याच जागा, आणि त्या पुसायच्या आधी मारायच्या, म्हणजे नंतरचे ओघळ बंद. तपकीर गल्लीत किंवा नाना पेठेत बघा. आवाज भयंकर करतो, रविवारी सकाळी सहाला लावलात तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचाच विषय.

मूळ धागा लेखिका

खूप धन्यवाद, आरओच्या पाण्याचं हे डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या. एसीची बादली लावते. आता दोन शंका, जे डाग आधीच बसलेत त्यांचं काय? आणि धुतल्यावर सोमवारी सकाळी गाडी काढताना मागून कट् असा आवाज येतो आणि मग सुटते, चाकाच्या जाळीतून बघितलं तर ब्रेकची चकती तांबूस झालेली, हे धुण्यामुळे की अजून काही?

प्रतिसाद ४

डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. गाडी सावलीत, पत्रा गार, फडकं त्यात भिजवून डागावर मिनिट दोन मिनिटं ठेवा, हलकं पुसा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. वाळू देऊ नका. यानेही गेले नाहीत तर क्षारांनी रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, खड्डा केलाय, ते पॉलिशनेच निघेल, नखाने खरवडू नका. निघाल्यावर वॅक्सचा एक हात द्या, मग पाणी थांबत नाही आणि पुसणं निम्म्यावर येतं.

चकतीवरचा तांबूस रंग म्हणजे पातळ गंज, ओतीव लोखंडच ते, ओलं राहिलं की एका रात्रीत येतो आणि सुरुवातीच्या चारसहा ब्रेकमध्ये जातो. आवाज बहुतेक हँडब्रेकचा, मागच्या चाकाच्या ओल्या ड्रमला (ब्रेकच्या गोल डब्याला) आतलं लायनर, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, रात्रभर चिकटून बसतं. गाडी पुसून झाली की सोसायटीला एक दोन चकरा मारा, हलके हलके ब्रेक दाबत, म्हणजे ब्रेकही वाळतात आणि खाचांतलं पाणीही निघून येतं. त्या रात्री सपाट जागा असेल तर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला वीट लावा. उतार असेल तर हँडब्रेक लागेलच, तेव्हा चकरा जरा जास्त मारा. आणि चकरा मारून आलात की दारं आणि डिकी उघडून आतल्या कडा पुसा, त्यासाठी वेगळं फडकं ठेवा, तिथे ग्रीस असतं आणि ते एकदा चांगल्या टॉवेलला लागलं की निघत नाही. टॉवेल धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, पाणी ओढायचा बंद होतो.