मढेघाटाच्या माथ्यापर्यंतची कच्ची वाट रात्री गाडीने करावी का?

प्रश्न : मावळवारा

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहते, परंतु माझे आजोळ वेल्ह्याजवळचे आहे. माघ वद्य नवमीला, म्हणजे तानाजी मालुसरे यांच्या पुण्यतिथीच्या रात्री, सिंहगडाच्या पायथ्यापासून निघून पाबे घाटाने वेल्हे, तेथून पासली, केळद असे करीत मढेघाटाच्या माथ्यावर पोहोचावे आणि शक्य झाल्यास घाट उतरून उमरठच्या समाधीपर्यंत जावे, असा माझा व माझ्या भावाचा विचार आहे. सुभेदारांचा देह याच वाटेने कोकणात नेला, म्हणून या घाटाला मढेघाट म्हणतात, असे लहानपणापासून ऐकत आले आहे.

अडचण आजीची आहे. दिवेलागण झाली की वेल्ह्याच्या पुढे गाडी न्यायची नाही, असे तिने निक्षून सांगितले आहे. त्या रात्री डोंगराच्या उतारावरून मशालींची रांग सरकताना तिने स्वतः पाहिली आहे, आणि केळदच्या पठारावर माणसाला चकवा लागतो, असे ती म्हणते. आजी खोटे बोलणाऱ्यांपैकी नाही, त्यामुळे तिचे म्हणणे मला हसण्यावारी न्यायचे नाही. ज्यांनी ही वाट रात्री केली आहे, त्यांनी कृपया सांगावे. आमची गाडी साधी हॅचबॅक आहे.

उत्तर १ : गुंजवणीकाठ

ताई, सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अनेकांची येथेच फसगत होते. मढेघाट ही पायवाट आहे. गाडी केळदच्या पुढे माथ्यापर्यंत जाते आणि तेथेच थांबते. खाली कर्णवडीकडे उतरायचे ते पायी. गाडीने उमरठला जायचे असेल, तर भोरवरून वरंधा घाटाने महाड आणि पुढे पोलादपूर असा वेगळा प्रवास करावा लागेल. दोन्ही गोष्टी एका रात्रीत बसवू नका.

मी गेली पंधरा वर्षे या भागात जीप चालवतो. आपल्या आजींनी सांगितलेला चकवा मला स्वतःला लागला आहे, म्हणून तो कसा लागतो हे सविस्तर लिहितो. भाद्रपदातली रात्र होती, पाऊस थांबला होता, पण धुके असे उतरले होते की बॉनेटपुढचे दिसत नव्हते. पठारावर कच्च्या चाकोऱ्या एकातून दुसरी अशा फुटलेल्या असतात, कारण चिखल झाला की प्रत्येक जण जुनी चाकोरी सोडून शेजारून नवी पाडतो. अर्धा तास चालवल्यावर पुढ्यात वाटेतच पेंढ्याचा एक भारा पडलेला दिसला. खाली उतरून पाहिले, तर बांधलेली दोरी माझीच होती. माझ्याच टपावरून पडलेल्या भाऱ्यापाशी मी फिरून आलो होतो. त्या क्षणी अंगावर काटा आला, हे कबूल करतो. इंजिन बंद केले आणि उजाडेपर्यंत गाडीतच बसून राहिलो. सकाळी धुके फाटल्यावर पाहिले, तर कड्याची धार गाडीपासून तीस-चाळीस पावलांवर होती. आणखी एक फेरी मारली असती, तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

म्हणून आजींचे ऐका. चकवा भुताचा असो वा धुक्याचा, त्यावर उपाय एकच आहे : थांबणे.

माघात जमीन कोरडी असते, तेव्हा हॅचबॅक दिवसा सावकाश जाऊ शकते. मात्र मुरमाच्या उतारावर टायर खड्यांवरून घसरतो, त्यामुळे ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. इंधन महामार्गावर किंवा नसरापूरलाच भरून घ्या, निघण्यापूर्वी स्टेपनीतली हवा तपासा, आणि वेल्ह्याच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नका.

उत्तर २ : रातवा

आजींनी पाहिलेल्या मशालींविषयी लिहावेसे वाटते, कारण तशी रांग मीही पाहिली आहे. माघ-फाल्गुनात सह्याद्रीतले गवत पूर्ण वाळलेले असते आणि वणवे लागू लागतात. वणवा दूरच्या उतारावर रात्री पेटला, की ज्वाळा दिसत नाहीत. दिसते ती फक्त पेटलेल्या कडेची लाल, तुटक रेघ, आणि ती वाऱ्याबरोबर हळूहळू पुढे सरकते. पाच-सहा किलोमीटरवरून पाहणाऱ्याला ती हातात पलिते घेतलेल्या माणसांची ओळ वाटावी, इतके साम्य असते. त्यातच वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे आधीचा सारा वेळ गडद अंधार असतो आणि ती रेघ अधिकच उठून दिसते. आजींनी जे पाहिले, ते खरेच पाहिले असणार.

दुसरी गोष्ट, कच्च्या वाटेवर हेडलाइटच्या उजेडात जमिनीलगत दोन लाल निखारे दिसले आणि गाडी जवळ जाताच ते आवाज न करता उडून गेले, तर घाबरून स्टिअरिंग वळवू नका. तो रातवा पक्षी असतो. दिवसा पाचोळ्यात बसला तर पावलाशी असूनही दिसत नाही, इतका त्याचा रंग मातीशी मिळतो. रात्री मात्र त्याला उघड्या मातीच्या वाटेवर बसून किडे टिपायची सवय असते. वेग कमी ठेवला, तर तो वाचतो आणि आपणही वाचतो. वणवा वाटेच्या जवळ दिसला, तर मात्र तसेच मागे फिरावे.

उत्तर ३ : निवृत्त_शिक्षक

चिरंजीव, आपला संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. घाटाच्या नावाची ही कथा परंपरेने चालत आलेली आहे आणि या मावळातली माणसे ती श्रद्धेने सांगतात. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. सुभेदार उमरठचे, आणि उमरठला त्यांची समाधी आहे. ज्या वाटेने आपल्या माणसाचा देह खांद्यावर घेऊन लोक घराकडे उतरले, त्या वाटेचे नाव पुढच्या पिढ्यांच्या तोंडी भीतीचे कसे झाले, याचे मला नेहमी वाईट वाटते. ‘मढे’ हा शब्द शहरातल्या कानाला अभद्र लागतो. पूर्वी घरोघरी तो साधेपणाने बोलला जाई. या नावापुढे ‘झपाटलेला घाट’ अशी पाटी लावून रात्री ओरडत गाड्या पळवणाऱ्यांनी एकदा तरी केळदच्या वृद्धांपाशी बसून ही कथा ऐकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपण नवमीला पहाटे निघावे. आजींना प्रवास झेपत असेल, तर त्यांना सोबत घ्यावे.

मावळवारा

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज आजीला ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. वणव्याचे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “असेल बाई, पण आम्ही अंगणातून हात जोडायचो, ते काही वणव्याला नव्हे.” पेंढ्याच्या भाऱ्याची हकिकत मात्र तिने दोनदा वाचायला लावली.

रात्रीचा बेत रद्द केला आहे. नवमीला पहाटे पाचला कोथरूडहून निघू, आजी पुढच्या सीटवर असेल, आणि ऊन चढायच्या आत माथ्यावर पोहोचू. उमरठ पुढच्या रविवारी, वरंध्यावरून. गुंजवणीकाठ दादा, केळदच्या अलीकडे लहान गाडीचा तळ घासेल अशी एखादी जागा असल्यास तेवढी कळवावी.

गुंजवणीकाठ

पासली ओलांडल्यावर ओढ्यांवरच्या फरशी पुलांपाशी कडा खचलेल्या असतात. तेथे आजींना गाडीतच बसू द्या, भावाला खाली उतरवून पुढे चालत ठेवा आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्याने गाडी तिरकी काढा.