'व्हॉट्स गोइंग ऑन' एलपीवर ऐकतोय, ए बाजूच्या शेवटी 'स' फाटतो

तबकडीवेडा
अमेरिकन सोल गायक मार्विन गेचा हा अल्बम कितीतरी वर्षं फोनवर ऐकलाय, पाठच आहे म्हणा ना. आता जुनी एलपी हाती लागली आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवतच नाहीये. ए बाजूची सहाही गाणी एकमेकांत मिसळत जातात हे माहीत होतं, पण फोनवर मधलंच एखादं लावायचो आणि पुढे जायचो, सलग असं कधी ऐकलंच नव्हतं. अडचण एकच, शेवटच्या 'मर्सी मर्सी मी'ला पोचलं की 'स' 'श' फाटल्यासारखे येतात, पहिल्या गाण्यात तसं अजिबात नाही. रेकॉर्ड धुतली, सुई पुसली, फरक नाही. रेकॉर्डच झिजलीय का?

लंबगोल_सुई
रेकॉर्डवर इतक्यात खापर फोडू नका. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि लेबलजवळचा लहान, त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच सरकते आणि शेवटी शेवटी ते निम्म्याच्याही खाली येतं. म्हणजे तोच 'स' निम्म्या जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो, गोल टोकाच्या सुईला तिथली बारीक वळणं पकडता येत नाहीत. आधी प्रोट्रॅक्टर (कोन मोजायची रेघांची पट्टी) ठेवून काट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, सरळ आहे का बघा, मग सुईचं खाचेवरचं वजन, मग अँटीस्केट (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण). वजन कमी ठेवू नका, सुई खाचेत उडते आणि त्यानेच रेकॉर्ड जास्त खराब होते. दुसऱ्या एखाद्या एलपीचं शेवटचं गाणंही लावून बघा, तिथेही फाटत असेल तर सेटिंगचाच प्रश्न.

बेसवाला
टेक्निकल बाजू वर आलीच आहे, मी फक्त एवढंच म्हणेन की यावेळी गाणं सोडून जेम्स जेमरसनची बेस गिटार ऐका. एकाच बोटाने वाजवायचा तो माणूस! पहिल्या गाण्याचा बेस त्याने जमिनीवर आडवं पडून वाजवला असं सांगतात. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या इतक्या हिट गाण्यांत तो वाजलाय पण वादकांची नावं कव्हरवर द्यायची तिथे पद्धतच नव्हती, ती या १९७१च्या अल्बमवर आली. कव्हर हातात आहे ना, मग शोधून वाचा, मला ते नाव छापलेलं बघून फार बरं वाटलं होतं. आणि गेचे दोन आवाज एकावर एक ऐकू येतात ना, ते इंजिनियरने चुकून दोन्ही टेक एकदम वाजवल्यामुळे, मार्विनला ते इतकं आवडलं की तसंच ठेवलं.

डेट्रॉइट_मिक्स
एलपीवर आहे ते लॉस एंजेलिसमध्ये नव्याने केलेलं मिक्स, म्हणजे गाणं-वाद्यांचे आवाज पुन्हा जुळवून केलेलं. आधीचं डेट्रॉइटचं मिक्स २००१च्या डिलक्स एडिशनमध्ये आलं, तेही ऐका, मला ते जास्त कोरडं आणि जवळचं वाटतं.

तबकडीवेडा
सगळ्यांना थँक्स! प्रोट्रॅक्टर ठेवला तर काट्रिज चक्क तिरकं बसलेलं, स्क्रू सैल करून केसभर फिरवलं आणि 'स' बराच सुधारला, थोडी कड उरलीय पण आता गाणं ऐकू येतं, आवाज नाही. शेवटी ते पियानोचं काळोखं वळण येतं ना, तिथे पहिल्यांदाच अंगावर काटा आला. जेमरसनचं नावही सापडलं. बी बाजू संपताना 'इनर सिटी ब्लूज'मधून पहिल्या गाण्याची चाल परत वर येते, म्हणून लगेच उलटून परत ए बाजू लावलीय.